गोंदाची रेघ

तेजलने पर्समधून जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च काढला, तेव्हा नंदू परबला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट गंमत वाटली. तेजल घाटकोपरला दातांची डॉक्टर. दगड जमवायचा नाद तिला नुकताच लागला होता, आणि नुकताच नाद लागलेल्या माणसाकडे हत्यारं भरपूर असतात, हे नंदूला स्वतःवरून माहीत होतं.

"बेरिल त्याच्यात चमकत नाही," तो हसत म्हणाला. "म्हणून मी कधी घेतलाच नाही तो टॉर्च."

"बेरिलसाठी नाही हो काका. स्फटिकाच्या खालच्या पांढऱ्या दगडावर कधी कधी ओपलचा पातळ थर असतो ना, तो हिरवागार चमकतो. बघू तरी."

नंदूने खिडकीचा पडदा ओढला. नाहूरच्या आपल्या घरातली हॉलची एक अख्खी भिंत त्याने काचेच्या कपाटाला दिली होती, आणि त्या कपाटात एकच खनिज होतं. आल्यागेल्याला हे पटायचं नाही. काळ्या अभ्रकात रुतलेला हिरवा पाचू, लिंबाच्या सालीसारखा पिवळा हेलिओडोर, पाण्यासारखा बिनरंगी गोशेनाइट, थाळीसारखा चपटा गुलाबी मॉर्गनाइट, हे सगळे एकच कसे? मग नंदू समजावून सांगायचा. मूळ घडण एकच, बेरिलची. तिच्यात लोखंडाचा अंश मिसळला की निळा नाहीतर पिवळा, क्रोमियम मिसळलं की हिरवा, मँगनीज मिसळलं की गुलाबी. रंग बदलतो, पण सहा बाजू सुटत नाहीत.

मधल्या फळीवर एकटा ठेवलेला होता तो अ‍ॅक्वामरीन. करंगळीएवढा निळा खांब, पांढऱ्या दगडावर ताठ उभा, माथा अगदी सपाट. बघणारा माणूस आधी तिथेच थांबायचा.

तेजलने टॉर्च त्याच्यावर धरला. हिरवं काही चमकलं नाही. पण निळा खांब जिथे पांढऱ्या दगडात शिरत होता, तिथे एक बारीक, वाकडीतिकडी, निळसर पांढरी रेघ पेटल्यासारखी दिसली. ट्यूबलाइटच्या रंगाची. खांबाच्या भोवती पूर्ण गोल.

तेजलने टॉर्च बंद केला आणि पुन्हा लावला.

"काका, हे रेझिन आहे," ती हळू म्हणाली. "गोंद. मी दातात भरते त्याच जातीचं. अस्संच दिसतं."

"धूळ असेल."

"धूळ अशी नाही चमकत."

नंदूने पडदा उघडला. चहा घ्यायचा राहून गेला. तेजलने जाताना दोनदा सॉरी म्हटलं. जसं काही तो दगड तिनेच चिकटवला होता.

---

नंदूचं मुलुंडला चष्म्याचं दुकान होतं. काचा घासण्यात, नंबर तपासण्यात उमेदीची वर्षं गेली, पन्नाशी ओलांडली. बारकं बघणं हाच धंदा. आणि हा दगड त्याने भिंगाखाली कितीतरी वेळा पाहिला होता. बुडाशी चिकटलेली अभ्रकाची कुसळं पाहून तो खूश व्हायचा. ती कुसळंसुद्धा कोणीतरी मुद्दाम गोंदावर भुरभुरवली होती, हे आता भिंगातून स्पष्ट दिसत होतं. दिसत होतं म्हणजे आधीही दिसत असणार. त्याने बघितलं नव्हतं.

पण ते दुखणं लहान होतं. मोठं दुखणं हे, की तो दगड भीमराजभाऊंनी दिला होता.

भीमराज कांबळे खाणीतल्या ड्रिलिंग मशिनी विकणाऱ्या कंपनीत होते. झारखंड, राजस्थान, तमिळनाडू, सगळीकडे फिरलेले. नंदू तरुण असताना अंधेरीला गिल्बर्ट हिल बघायला गेलेल्या एका घोळक्यात त्यांची गाठ पडली होती. ते उभे काळे खांब बघून नंदू मोठ्याने म्हणाला होता, "झकास! केवढे मोठे क्रिस्टल!" आणि शेजारचा उंच माणूस हसला होता.

"क्रिस्टल नाही रे बाबा ते. लाव्हा थंड होताना तडकला, त्याचे खांब. मोज बाजू. कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात. क्रिस्टलला अशी मोकळीक नसते. त्याचे आतले कणच ठरलेल्या रांगेत बसतात, म्हणून बाहेरच्या बाजू ठरलेल्या." मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक हिरवट तुकडा काढून नंदूच्या तळहातावर ठेवला. "हा बघ, बेरिल. याला कोणी पैलू पाडलेले नाहीत. जन्मतः सहा बाजूंचा."

नंदूचा नाद तिथे सुरू झाला. दगड कसा धरायचा, कुठल्या उजेडात बघायचा, क्वार्ट्झच्या बाजूंवर आडव्या रेघा असतात आणि बेरिलच्या बाजूंवर उभ्या, हे सगळं भाऊंनी शिकवलं. पुढे भाऊंचे डोळे गेले. नंबर सारखा बदलायला लागला तेव्हा नंदूनेच त्यांना दुकानात बसवून सांगितलं होतं, "भाऊ, हे चष्म्याचं काम नाही. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या." पडदा मधोमध विरत चालला होता. आता भाऊंना कडेकडेचं थोडं दिसायचं, समोरचं नाही. मागच्या वर्षी त्यांनी आपला सगळा संग्रह वाटून टाकला आणि सगळ्यात उत्तम नग नंदूच्या हातात ठेवला. "हा तुझ्याकडे शोभेल."

तो हा.

---

त्या दिवसापासून नंदू घरात धड बसेना. दुकानातून आला की चप्पल काढायच्या आधी कपाटापाशी. दगड काढायचा, खिडकीत न्यायचा, परत ठेवायचा. जेवताना उठायचा. प्रेमा, त्याची बायको, महापालिकेच्या शाळेत शिकवायची. ती वह्या तपासत शांतपणे हे सगळं बघत होती.

"भाऊंना फोन कर ना," ती म्हणाली.

"काय सांगू? तुम्ही दिलेला दगड खोटा आहे म्हणून?"

"विचार, त्यांना माहीत होतं का."

हाच तर किडा डोक्यात वळवळत होता. माहीत नसेल, तर आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याला जाऊन सांगायचं की तुमचा उत्तम नग फसवणुकीचा होता, डोळे चांगले होते तेव्हासुद्धा तुम्हाला कळलं नाही. आणि माहीत असेल तर? तो विचार नंदू पुरा करायचाच नाही. अर्ध्यावर सोडून दुसऱ्या खोलीत जायचा.

त्याने तेजलच्या टॉर्चसारखा टॉर्च मागवला. आणि तो आल्यावर तर वाटच लागली. कपाटातला एकेक दगड काढून त्याने तपासायला सुरुवात केली. पाचू ठीक. हेलिओडोर ठीक. तरी पुन्हा तपासला. ज्यांच्याकडून दगड घेतले त्या माणसांचे एकेक चेहरे डोळ्यांपुढे यायला लागले. कोण बोलताना नजर चुकवत होता, कोण उगाच गोड बोलत होता. पाचूचा हिरवा रंग त्याला जास्तच हिरवा वाटायला लागला. रंग खुलवायला तेल पाजलं असेल का? दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर तपासताना तो एकच काच दोनदोनदा बदलून विचारायचा, "हे स्पष्ट की हे?" गिऱ्हाईक वैतागायचं.

आणि मग मॉर्गनाइट.

तो त्याने स्वतः शोधून, स्वतःच्या नजरेने पारखून घेतला होता. भाऊंनीसुद्धा बघून "वा रे पठ्ठ्या" म्हटलं होतं. पांढऱ्या, पानांच्या थप्पीसारख्या दगडावर गुलाबी चपटा स्फटिक, गुलाबाच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा रंग. टॉर्च धरला तर त्याच्या बुडाशी फिकट काहीतरी चमकलं. अ‍ॅक्वामरीनसारखं नाही. पण चमकलं.

रविवारची दुपार होती. प्रेमा बहिणीकडे गेली होती. नंदूने ब्रशने बुडाशी गोंद सोडवणारं अ‍ॅसिटोन लावून बघितलं. काही सुटलं नाही. पुन्हा लावलं. तरी नाही. त्याने दुकानातलं पातळ पातं आणलं होतं, चष्म्याच्या फ्रेमची खाच साफ करायचं. गोंद असेल तर पातं आत शिरेल, नसेल तर शिरणार नाही, एवढंच बघायचं होतं. पात्याचं टोक त्याने फटीत टेकवलं आणि किंचित दाबलं.

टक्.

आवाज फार लहान होता. मॉर्गनाइटचा अर्धा भाग टेबलावर पडला, घसरत गेला आणि कडेला थांबला. बुडाशी गोंद नव्हता. गुलाबी स्फटिक पांढऱ्या दगडात रुजलेला होता, झाडाचं मूळ मातीत रुजावं तसा. अर्धा अजूनही तिथेच घट्ट बसला होता. ती फिकट चमक पांढऱ्या दगडाचीच होती.

प्रेमा परत आली तेव्हा तो तसाच बसलेला. टेबलावरचे दोन तुकडे बघून ती काय ते समजली. रागावली की ती सरळ मालवणीवर यायची.

"तुका येड लागला हा काय? खरो दगड फोडलंस?"

"बघायचं होतं," नंदू म्हणाला.

"बघलंस ना आता?" मग ती त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आता उद्या पाचू फोडशील. त्यापेक्षा बोरिवलीला भाऊंकडे जा. आत्ता जा. जे काय असेल ते विचारून ये, नाहीतर या घरात एक दगड राहायचा नाही."

---

तो स्कूटरवरून निघाला. आरेच्या रस्त्याला लागल्यावर झाडांच्या सावलीत गाडी हळू करायची त्याची नेहमीची सवय. आज त्याने गाडी तशीच दामटली. एका तबेल्यापाशी म्हशी रस्ता ओलांडत होत्या, तिथे थांबावं लागलं तर त्याला हॉर्न वाजवावासा वाटला. म्हशींना हॉर्न! मनात वाक्यं जुळवत होता. भाऊ, एक गंमत झाली. भाऊ, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर. एकही वाक्य धड होईना.

भाऊ बोरिवली पूर्वेला लेकीकडे राहायचे. दार कल्पितानेच उघडलं. "या नंदूदादा. फोन नाही केलात? पप्पा गॅलरीत आहेत."

गॅलरीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसायचे. भाऊ त्यांच्याकडे तोंड करून बसले होते, डोकं थोडं तिरकं. कडेच्या नजरेने बघायचं म्हणून तसं.

"नंदू ना? पाय ओढून चालतोयस."

कल्पिताने चहा आणून दिला. भाऊ कोणाकोणाची चौकशी करत होते. नंदू हो-नाही म्हणत होता. कप हातातच गार होत होता.

"बोल," भाऊ एकदम म्हणाले. "तुला काही विचारायचं असलं की तू आधी चहा संपवतोस. आज एक घोटपण घेतला नाहीस."

"त्या अ‍ॅक्वामरीनचं, भाऊ."

"गोंदाचं ना?" भाऊ म्हणाले.

नंदूला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घेतला तेव्हा नव्हतं माहीत. वर्षानुवर्षं कपाटात होता तेव्हाही नव्हतं. डोळे होते ना, डोळ्यांनीच बघायचो. वाटून टाकायला काढले तेव्हा एकेकावरून हात फिरवून ठेवत होतो. दगड बोटांना गार लागतो. तिथे, बुडाशी, गार लागेना. गुळगुळीत आणि कोमट. मग नखाने दाबून बघितलं."

"म्हणजे मला दिलात तेव्हा—"

"माहीत होतं. त्याच सकाळी कळलं होतं."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. नंदूने कप खाली ठेवला.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू दारात उभा होतास. हा तुझा म्हणून ठरवून ठेवलेला. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, 'असू द्या भाऊ, तुमची आठवण.' आणि दया म्हणून ठेवून घेतला असतास. मला ते नको होतं."

"एवढंच?"

भाऊ डोंगराकडेच तोंड ठेवून म्हणाले, "नाही. एवढंच नाही. माझी नजर चुकली होती, नंदू. चांगली होती तेव्हा चुकली होती. आता जी नाहीच, तिच्याबद्दल लोक निदान म्हणतात तरी, काय नजर होती कांबळ्यांची. ते मला घालवायचं नव्हतं. तुझ्यासमोर तर नाहीच."

नंदूला कीव यायला हवी होती, पण राग आला. इतक्या दिवसांची तगमग एकदम वर उसळली.

"मी मॉर्गनाइट फोडला, भाऊ. पातं घालून."

"कुठला? तुझा तो?"

"तोच. मला सगळेच दगड खोटे वाटायला लागले. तो खरा होता. तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर मी तो फोडला नसता."

भाऊंचं तोंड हळूहळू त्याच्याकडे वळलं. "फोडलास तू," ते म्हणाले. "पातं तुझ्या हातात होतं. ते माझ्यावर घालू नकोस."

नंदू उठला. कल्पिता दारातून काहीतरी म्हणाली, जेवूनच जा असं काहीसं. तो थांबला नाही.

---

त्यानंतर दोघांचाही फोन नाही. नंदूला वाटलं होतं, खरं कळलं की जीव शांत होईल. झाला नाही. आता किडा दुसरीकडून पोखरायला लागला. फोडलास तू. दुकानात काच घासताना, अंघोळ करताना, भाजी निवडताना तेच वाक्य. भाऊ चुकले होते आणि तरी त्या एका वाक्यात चूक नव्हती, याचा त्याला जास्त संताप यायचा.

तेजलचा मेसेज आला, काका कसे आहात म्हणून. त्याने उत्तर दिलं नाही. कपाटावर चादर टाकली.

एका सकाळी शाळेला निघताना प्रेमाने ती चादर ओढून काढली. "मला धुवायची आहे," ती म्हणाली. आणि चपला घालता घालता, "आणि तो निळा दगड असा अर्धवट ठेवू नको. खोटा आहे तर सोडव. नाहीतर कोणाला तरी देऊन टाक."

त्याने सोडवायचं ठरवलं. या वेळी पातं घेतलं नाही. झाकणाच्या काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोन ओतून दगड त्यात बुडवला आणि बरणी बाल्कनीच्या ग्रिलमध्ये ठेवली. नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा वास घरभर. शेजारच्या मंजुळाबाई दोनदा विचारून गेल्या, रंगकाम चाललंय का. नंदू रोज बरणीकडे बघायचा, हात लावायचा नाही. एवढं करणं त्याला फार जड जात होतं. घाई करायला हात शिवशिवायचे. हात पाठीमागे बांधून तो बाल्कनीत उभा राहायचा.

शेवटी गोंद फुगून सायीसारखा पांढरा झाला, आणि एका संध्याकाळी त्याने बरणी नुसती तिरकी केली तेव्हा निळा खांब आपसूक आडवा झाला.

त्याने तो बाहेर काढला, पुसला, मऊ ब्रशने उरलेला गोंद काढला. तळाशी काय असणार हे त्याला ठाऊक होतं. कुठल्या तरी खडकातून हातोड्याने तोडलेला, तुटकी काच दिसते तशा खळग्यांचा, ओबडधोबड भाग. तोच झाकायला तर पांढरा दगड खाली लावला होता.

त्याने खांब उलटा करून खिडकीत धरला.

खळगे नव्हते. तळ चमकत होता.

नंदू भिंग आणायला धावला. येताना टीपॉयवर गुडघा आपटला, ते त्याला नंतर निळं पडल्यावर कळलं. भिंगाखाली तळाच्या कडेने तिरक्या सहा लहान बाजू होत्या, आरशासारख्या. आणि मधे, जिथे सपाट असायला हवं, तिथे बारीक बारीक शेकडो बाजू, पायऱ्यापायऱ्यांनी एकीवर एक चढलेल्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. भिंग किंचित हलवलं की सगळ्या एकदम उजळायच्या, एकदम विझायच्या. माणसाने पाडलेले पैलू असे नसतात. तुटलेला दगडही असा नसतो.

त्याला उमजायला थोडा वेळ लागला. हा स्फटिक हातोड्याने तोडलेला नव्हता. जमिनीच्या पोटातच, त्या पोकळीतच, कधीतरी हादरा बसून तो बुडाशी मोडला होता. मोडून पोकळीत पडला. भोवतालचं गरम पाणी अजून आटलं नव्हतं, त्यात बेरिलचा अंश शिल्लक होता. तो मोडलेल्या जागेवर थरावर थर बसत गेला आणि तिथे नवीन टोक तयार झालं. दोन्ही टोकं शाबूत असलेला अ‍ॅक्वामरीन! असा नंदूने फक्त फोटोत पाहिला होता. आणि कोणीतरी तो उचलून त्याचं दुर्मीळ टोक गोंदात बुडवलं होतं.

"प्रेमा!" तो ओरडला. ती कणीक मळत होती, तशाच हातांनी आली, भिंगातून बघितलं, म्हणाली, "चमकतंय छान. पण काय आहे ते?"

त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याला कळेल त्याला सांग."

"ते मला—"

"मला माहीत आहे ते तुला काय म्हणाले. तू मला वीस वेळा सांगितलंस."

पुढचे काही दिवस तो रोज ठरवायचा आणि रोज मोडायचा. फोन हातात घेऊन नाव काढायचा, परत ठेवायचा. आपण का जायचं? त्यांनी यावं. पण त्यांना कसं येता येणार, दिसत नाही. मग त्यांनी फोन करावा. पण त्यांना काय माहीत, खाली काय निघालं ते. असं गोल गोल. शनिवारी दुपारी त्याने गिऱ्हाईक नसताना दुकानाचं शटर ओढलं, घरी आला, खांब कापसात गुंडाळून प्रेमाच्या डब्यात ठेवला, दुसऱ्या डब्यात मॉर्गनाइटचे तुकडे ठेवले आणि निघाला.

---

कल्पिताने दार उघडलं आणि बाजूला झाली.

भाऊ गॅलरीतच होते. त्यांनी पायांचा आवाज ऐकला असणार, पण बोलले नाहीत. नंदूने खांब कापसातून काढला आणि भाऊंच्या तळहातावर ठेवला.

भाऊंनी तो ओळखला. अंगठा वरच्या सपाट माथ्यावर फिरवला, मग बोट उभ्या बाजूंवरून खाली आलं. "सोडवलास," ते म्हणाले. बोट तळाशी पोचलं आणि थांबलं. परत फिरलं. मग त्यांनी खांब दुसऱ्या हातात घेतला आणि करंगळीने, जिचं टोक मऊ होतं, तळ चाचपायला सुरुवात केली.

"हे काय आहे?"

"तुम्ही सांगा."

"तिरक्या बाजू आहेत. एक, दोन..." ते गोल फिरत सहापर्यंत गेले. "आणि मधे खरखर. पण तुटल्याची खरखर नाही ही. तुटलेलं बोटाला चावतं." त्यांनी बोट पुन्हा तळावरून फिरवलं. "नंदू, हे मोडून पुन्हा वाढलंय?"

"पायऱ्या पायऱ्या आहेत, भाऊ. शेकडो. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. उजेडात फिरवला की एकदम पेटतात."

"एकदम? सगळ्या?"

"सगळ्या."

भाऊंनी डोकं तिरकं करून खांब डोळ्यांच्या कडेशी धरला, उन्हात हलवला. काही दिसलं की नाही कोण जाणे. बराच वेळ तसाच धरून होते.

"ज्याने चिकटवला तो गाढव असला पाहिजे," नंदू म्हणाला.

"गाढव नाही रे. लोकांना दगड उभा हवा असतो. आडवा पडलेला कोण घेतो? मीसुद्धा उभा होता म्हणूनच घेतला."

मग नंदूने दुसरा डबा उघडून मॉर्गनाइटचा सुटलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. भाऊंनी त्याची मोडलेली कड चाचपली. ही कड बोटाला चावणारी होती. त्यांनी बोट मागे घेतलं.

"ही भरून यायची नाही," नंदू म्हणाला.

"नाही. इथे कुठलं आलंय ते पाणी." तुकडा परत देत भाऊ म्हणाले, "मी सांगायला हवं होतं तुला. त्याच दिवशी."

"हो," नंदू म्हणाला. "आणि मी पातं लावायला नको होतं."

"नकोच होतं."

कल्पिताने आतून विचारलं, "बांगडे तळतेय. नंदूदादा थांबणार आहेत का पळणार आहेत?"

"थांबतोय," नंदू म्हणाला. आणि प्रेमाला फोन करून सांगितलं, की उशीर होईल.

जेवताना भाऊंनी खांब ताटाशेजारी ठेवला होता, आणि नंदूकडून तेजलच्या टॉर्चची सगळी हकिगत ऐकून घेतली. जेवण झाल्यावर हात धुऊन पुन्हा हातात घेतला. नंदू निघाला तेव्हाही तो त्यांच्या मुठीतच होता. नंदूने मागितला नाही, भाऊंनी दिला नाही. मॉर्गनाइटचे तुकडे तेवढे त्याने डब्यात घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदू दाढी करत असताना फोन वाजला.

"अजून एक बाजू आहे," भाऊ नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले. "त्या तिरक्या बाजूंच्या खाली, एका कोपऱ्यावर. केसाएवढी. नखाला लागते."

"एकाच कोपऱ्यावर?"

"एकाच."

"भाऊ, एका कोपऱ्यावर असेल तर सहाही कोपऱ्यांवर असायला पाहिजे. तुम्हीच शिकवलंय. बेरिल आहे तो, गिल्बर्ट हिल नाही. भास असेल."

"भास तुझ्या डोक्यात. बाकीच्या पाच माझ्या नखाला लागत नाहीत, एवढंच. असणारच त्या. भिंग घेऊन ये आणि शोध."

"रविवारी येतो."

"आज रविवारच आहे," भाऊ म्हणाले. "आणि तेजल कोण ती, तिलाही घेऊन ये. टॉर्चवाली."

नंदूने अर्ध्या दाढीने प्रेमाकडे बघितलं. ती आधीच त्याची स्कूटरची चावी शोधत होती.